तिसऱ्या मजल्यावरची ऊब

सरकार बंद पडलं आणि आर्विड सुंदे अत्यावश्यक ठरला. तुझ्यावाचून चालणार नाही, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी लेखी कळवत होतं. त्याच पत्रात खाली, सरकार सुरू होईपर्यंत पगार मिळणार नाही, असंही होतं. पण ते बायकोने, मार्लिसने, वाचून दाखवेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, डलूथमधल्या त्या चार मजली सरकारी इमारतीत बाकीचे सगळे अनावश्यक निघाले. वॉशिंग्टनमधल्या पुढाऱ्यांचं खर्चाच्या मंजुरीवरून आपसात पटेना, म्हणून ऐन नाताळच्या तोंडावर साहेबांपासून कारकुनांपर्यंत सर्वांना सक्तीच्या रजेवर घरी धाडलं गेलं. उरले दोघे. तळघरात बॉयलर सांभाळणारा आर्विड आणि दारावरचा पहारेकरी रॉन पेत्रिच. नियम असा की रजेवरच्या माणसाने कामाच्या जागी पाऊल टाकायचं नाही, हौसेने फुकट काम केलं तरी तो गुन्हा. आर्विडने मात्र फुकटच काम करायचं, नाही केलं तर नोकरीवर गदा. हे दोन नियम एकाच सरकारच्या एकाच डोक्यातून कसे निघाले यावर त्या दोघांनी पहिल्या दिवशी बराच खल केला आणि मग ते कॉफी प्यायले.

वरून आणखी एक हुकूम होता. इंधन वाचवायचं, चारही मजले पाइप गोठणार नाहीत इतपतच गरम ठेवायचे. बाहेर शहरालगतच्या सरोवरावरून असा वारा येत होता की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गोठावं. आर्विड कोट, कानटोपी घालून रोज सगळे मजले फिरायचा आणि भिंतीवरचे, ऊब कमीजास्त करणारे थर्मोस्टॅट तपासायचा.

रिकामी इमारत तशी त्याच्या ओळखीची होती. सुट्टीच्या दिवशी तो पूर्वीही एकटा आलेला होता. पण सुट्टीची रिकामी इमारत उद्या माणसं येणार म्हणून वाट बघत असते. ही वाट बघत नव्हती. मधल्या बोळांना खिडक्या नाहीत, आणि दिवे हालचाल ओळखून आपोआप लागणारे. आर्विड चालू लागला की पुढचा दिवा लागे आणि मागचा विझे, त्यामुळे अंधार सतत त्याच्या पाठीला चिकटून चालतोय असं वाटायचं. पुरुषांच्या संडासात मध्येच पाणी आपोआप सुटे. तो थांबून ऐकत राही. पाणी संपलं की इतकी शांतता होई की स्वतःच्या कोटाची सळसळही दुसऱ्या कुणाची वाटावी.

आणि तिसऱ्या मजल्यावर सांताक्लॉज होता. तिथल्या बायकांनी जिन्याच्या दारापाशी गुडघाभर उंचीचा एक सांता ठेवला होता. त्याच्यासमोरून कुणी गेलं की तो पोट हलवून हसायचा. नाताळ उलटून गेला, तरी त्याला उचलून ठेवणाऱ्या बायका रजेवर. त्यात सेल उतरत आलेले, त्यामुळे त्याचं हसू दिवसेंदिवस संथ आणि खर्जात चाललं होतं. आठवडाभरात ते हसू राहिलंच नाही, विहिरीच्या तळाशी कुणीतरी कण्हतंय असा आवाज येऊ लागला.

एके दुपारी आर्विड दुसऱ्या मजल्यावर असताना त्याला वरून ते कण्हणं ऐकू आलं.

तो वर गेला. बोळात दिवे लागलेले होते. त्याच्या येण्याने नव्हे, आधीच. तो बघत असतानाच पलीकडच्या टोकाचा दिवा विझला, मग त्याच्या अलीकडचा. माणूस मात्र कुठेच नव्हता. थर्मोस्टॅट बघितला, तर काटा चांगला वर. स्वेटर काढून बसावं इतका वर. सकाळी त्याने तो स्वतःच्या हाताने खाली केला होता. निदान त्याला तसं आठवत होतं.

"रॉन, वर कुणी गेलं होतं का?" त्याने खाली येऊन विचारलं.

रॉनने वर्तमानपत्राची जरा जास्तच सावकाश घडी घातली. "कोण जाणार? सगळे अनावश्यक घरी बसलेत." मग थोडं थांबून म्हणाला, "तिसऱ्या मजल्याचं म्हणशील, तर तिथे पूर्वीपासूनच काहीतरी आहे म्हणतात."

"काय आहे?"

"एक कारकून टेबलावरच गेला होता. पार जुनी गोष्ट. थंडी बाधली त्याला."

"मागे तू म्हणाला होतास, बाई होती म्हणून."

"बाई वेगळी," रॉन म्हणाला आणि त्याने पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

आर्विड भुताला भिणारा माणूस नव्हता. शिवाय भूत आलं की गारठा पडतो असं त्याने ऐकलेलं, हे उलट उबेला चटावलेलं. त्याला भीती वेगळीच होती आणि ती भुतापेक्षा वाईट होती. त्याची आई याच वयात बिघडत गेली. आधी शेगडी पेटवून, मी पेटवलीच नाही म्हणायची. मग चष्मा पिठाच्या डब्यात सापडू लागला. शेवटी आर्विडलाच तिने, तुम्ही कोण, असं अगदी आदराने विचारलं. थर्मोस्टॅट वर करायचा आणि मी केलाच नाही म्हणायचं, हे शेगडीच्या फार जवळ जात होतं. दिवसभर बोलायला माणूस नाही, डोकं असंच सटकायला लागत असेल, असं त्याला वाटलं.

मग त्याने स्वतःवरच पाळत सुरू केली. थर्मोस्टॅट खाली केला की डाव्या तळहातावर पेनाने एक रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी हातावर रेघ होती आणि काटा वर होता. त्याने सांताचे सेल काढून खणात टाकले. तिसऱ्या दिवशी सांता पुन्हा हसला, तोही खणखणीत, नाताळच्या आदल्या दिवशी हसावं तसा. आर्विडने खण उघडला. जुने सेल खणातच होते. सांताच्या पोटात नवे कोरे होते. आपण दुकानात जाऊन सेल आणले आणि तेही विसरलो, या विचाराने तो बोळातच भिंतीला टेकून बसला. बराच वेळ हलला नाही, तेव्हा त्याच्या डोक्यावरचा दिवाही विझला.

"हाताला काय झालंय तुझ्या?" रात्री जेवताना मार्लिसने विचारलं.

"शाई लागली."

"रोज लागते? सरळ रेघेत?"

"पेन गळतंय."

मार्लिसने पुढे विचारलं नाही. त्या भागातली माणसं दुसऱ्यांदा विचारत नाहीत, मनात ठेवतात. तिने त्याच्या ताटात आणखी हॉटडिश वाढलं, खिमा आणि वर भाजलेले बटाट्याचे गोळे. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर लिंबाच्या वड्यांचा अख्खा ट्रे दिला. नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे तिला कळत होतं, आणि बिनसलेल्या माणसाला भाजलेलं काहीतरी द्यायचं हे तिला माहीत होतं.

आर्विड जेवायला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसायचा, कारण तिथून सरोवर दिसतं. त्याने दोन वड्या खाल्ल्या आणि ट्रे तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी ट्रेमधली एक अख्खी रांग गायब. आपणच खाल्ली, पोटाला कळलं आणि डोक्याला कळलं नाही, असं धरून तो तळघरातल्या मालाच्या काट्यावर उभा राहिला. वजन कमी भरलं. एवढं खाऊनही वजन घटतंय म्हणजे हा आजारच, असं वाटून तो जास्तच घाबरला.

शुक्रवारी ट्रेमध्ये एकच वडी उरली होती. ती तशीच ठेवून तो बॉयलर बघायला गेला. परत आला तेव्हा अर्धी होती. सुरीने सरळ कापलेली. तो डोळे चोळून खाली गेला, थोड्या वेळाने पुन्हा आला. आता त्या अर्धीचीही अर्धी होती. आणखी एका फेरीनंतर ट्रेच्या कोपऱ्यात नखाएवढा एक चौकोन उरला होता. चारही कडा नीट, आणि शेजारी धुऊन पुसून ठेवलेली सुरी.

आर्विड त्या चौकोनाकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. मिनेसोटात शेवटची वडी कुणी उचलत नाही. ती अर्धी करायची, मग त्या अर्धीची अर्धी, मग ट्रेला मुंगीपुरतं काही उरलं तरी ते दुसऱ्याचं समजायचं, ही तिथली रीत आहे. ती न पाळणारा अख्ख्या चर्चमध्ये एकच माणूस होता, आणि तो आर्विड. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात त्याने शेवटचा तुकडा उचलून तोंडात टाकला होता आणि सासूने त्याला मरेपर्यंत माफ केलं नव्हतं. त्याची अक्कल पार गेली असती तरी त्याच्या हाताने ही वडी अशी कापली नसती. म्हणजे डोकं जागेवर होतं. वर कुणीतरी होतं. ते जिवंत होतं, भुकेलं होतं आणि इथलंच होतं.

त्याने तो चौकोन खाऊन टाकला आणि सांताच्या समोरच्या बोळात एक खुर्ची टाकून न हलता बसला. दिवे विझले. भरदुपारी काळोख झाला. कुठेतरी पाइप कटकटला. संडासात पाणी सुटलं, आणि या वेळी ते बायकांच्या संडासात सुटलं. दार कुरकुरलं. पलीकडच्या टोकाचा दिवा लागला, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्याही अलीकडचा. उजेड एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे येत होता. सगळं कळलं असूनही आर्विडच्या मानेवरचे केस उभे राहिले. उजेडातून डोक्यापासून पायापर्यंत पांढरं पांघरलेलं काहीतरी पुढे आलं आणि सांता खदखदून हसला.

"माफ करा," पांढरं म्हणालं, "मला वाटलं इथे कोणी नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं," आर्विड म्हणाला.

पांढरी लोकरीची शाल खाली झाली. आत बर्नडीन किन्नुनेन होती, तिसऱ्या मजल्यावरची सर्वांत जुनी कारकून. आर्विडने तिला वर्षानुवर्षं रोज सकाळी हवेबद्दल चार शब्द बोलून वर जाताना पाहिलं होतं.

"बर्नडीन, तुम्ही इथे?"

"मी इथे नाहीये."

"तुम्ही दिसताय मला."

"दिसत असले तरी नाहीये. मी इथे असले तर तो गुन्हा, आणि तुला कळवावं लागेल. मग माझं निवृत्तिवेतन गेलं. म्हणून मी नाहीये." तिने हे शाळेतल्या बाईसारखं समजावून सांगितलं. "काम काहीच करत नाही मी. कागदाला हातसुद्धा लावत नाही. नुसती टेबलाशी बसते."

"आणि रॉन?"

"रॉनला मी दिसलेली नाही. रोज मागचं दार उघडतो, तेव्हाही नाही."

आर्विडला हसू आलं. आधी थोडं, मग ते थांबेचना, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. बर्नडीन रागावली.

"काय हसण्यासारखं आहे यात?"

"तुम्हाला नाही हसत. तुम्ही इथे आहात म्हणून मला फार बरं वाटतंय."

"नाहीये म्हटलं ना."

"बरं, नाही. पण नसलेल्या माणसाने थर्मोस्टॅट कशाला वर करायचा?"

बर्नडीनने शाल पुन्हा गुंडाळली आणि क्षणभर सांताकडे बघितलं. "घर गरम ठेवणारी भट्टी बिघडलीय," ती म्हणाली. "तळघरातली. पगार नाही, कुणाला बोलवू? इथे बरं वाटतं. याचे सेल संपले होते, तेही मीच आणले. आता चांगला बोलतो."

"मग मी येतो बघायला. रविवारी."

"छे, कशाला. तुझा सुट्टीचा दिवस."

"मला काय, अर्ध्या तासाचं काम."

"नको रे, चालतंय माझं."

"हत्यारं गाडीतच असतात, बर्नडीन."

ती गप्प राहिली. तिथे दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा गप्प राहायचं असतं. आर्विडला ते होकारासारखंच ऐकू आलं. तिच्या चेहऱ्यावर मात्र पकडलं गेल्यासारखं काहीतरी होतं. संकोच असेल, असं त्याने धरलं.

त्या रात्री त्याने मार्लिसला सगळं सांगितलं. वडीचं सांगितलं, रेघांचं सांगितलं, आणि शेवटी आईचंही. "मला वाटलं, माझंही तसंच व्हायला लागलं."

मार्लिस हातातलं भांडं पुसत राहिली. ते कोरडं होऊन बराच वेळ झाला होता. "मलाही वाटलं," ती म्हणाली. "मंगळवारची डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय तुझ्यासाठी. गाडीचं टायर बदलायला जाऊ म्हणून तुला नेणार होते." मग तिने भांडं ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्याचा तो रेघांचा तळहात धरला.

रविवारी चर्च झाल्यावर आर्विड टेकडीवरच्या बर्नडीनच्या घरी गेला. आत इतकी थंडी होती की बोलताना वाफ निघत होती. पण घर बोलकं होतं. स्वयंपाकघरात रेडिओ हवामान सांगत होता, आतल्या खोलीत दुसरा रेडिओ कुणाशी तरी वाद घालत होता, बाहेर टीव्हीवर प्रेक्षक हसत होते. दारापाशी मोठे पुरुषी बूट होते, नुकतंच कुणी काढून आत गेल्यासारखे, नाड्या सैल. बर्नडीनचा नवरा गेल्या शरद ऋतूत गेला, हे आर्विडला ठाऊक होतं. त्याने मातीला नुसती हजेरी लावली होती आणि त्यानंतर तो तिच्याशी रोज हवेबद्दलच बोलला होता.

"थांब हं, हा आवाज बंद करते. तुला काम करायचंय," बर्नडीन म्हणाली.

आर्विड जिना उतरून तळघरात गेला. त्याने भट्टीच्या पत्र्यावर तळवा ठेवला. पत्रा उबदार होता. तासाभरापूर्वीपर्यंत ती छान चालू असणार. खटका बंद केलेला होता, एवढंच. त्याने झाकण काढून आत बघितलं, तर सगळं स्वच्छ, गेल्या वर्षी बसवलेलं. वरच्या झरोक्यातून बोचरा वारा येत होता. तो उघडाच होता. घरातल्या साऱ्या खिडक्या अशाच उघडून ठेवल्या असणार, हे त्याला आता कळलं.

आधी त्याला राग आला. रविवार, असली थंडी, आणि ही बाई थट्टा करते आहे. तेवढ्यात वर टीव्ही बंद झाला. मग आतला रेडिओ. मग स्वयंपाकघरातला.

ती शांतता जिन्यावरून एकेक पायरी खाली आली आणि त्याच्या पाठीला चिकटून उभी राहिली. आर्विडने ती लगेच ओळखली. इमारतीतली शांतता त्याला दिवसा सोसावी लागायची, संध्याकाळी घरी मार्लिस असायची. ही इथे राहायला होती. हिच्यासमोरून गेलं तर कुणी हसतही नव्हतं. वर बर्नडीन जमिनीवर न हलता उभी होती आणि तो काय म्हणतो याची वाट बघत होती. भट्टी बिघडलीय म्हणायला तिला लाज वाटली नव्हती. एकटीला घरात बसवत नाही म्हणायला वाटली होती. त्याला तिची इतकी कीव आली की पाना हातात तसाच राहिला.

मग त्याने त्या पान्याने पाइपावर चांगलं ठोकायला सुरुवात केली. कधी इकडे, कधी तिकडे. मध्येच मोठ्याने एक सुस्काराही टाकला. पुरेसा वेळ झाल्यावर हात काळे करून तो वर आला.

"कठीण आहे," तो म्हणाला.

"कठीण आहे?" बर्नडीनने दचकून विचारलं.

"आतला भाग गेलाय. मागवावा लागेल. हल्ली कुठे पटकन मिळत नाही."

"किती दिवस लागतील?"

"सरकार सुरू होईपर्यंत तरी काही खरं नाही."

बर्नडीनने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो गंभीर होता. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "मग तोवर?"

"तोवर तुम्ही तिथे नसालच. मी बाराला जेवायला बसतो. मार्लिस दोघांचं देईल, मला एकट्याला संपत नाही."

"छे, तिला कशाला त्रास."

"त्रास कसला. ती करतेच."

"नको रे, खरंच."

"बरं, येतो मी," आर्विड म्हणाला, आणि तिसऱ्यांदा विचारायला थांबला नाही.

गाडीत बसून त्याने इंजीन तापू दिलं. घराच्या काचेमागे बर्नडीन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जाऊन तावदानं लावत होती. थोड्या वेळाने छपरावरच्या धुराड्यातून वाफेची पांढरी रेघ निघाली आणि सरोवराच्या बाजूला कलली. भट्टी नीट पेटली आहे हे बघून मगच तो निघाला.

"झाली का दुरुस्त?" मार्लिसने दारातच विचारलं.

"नाही."

"तुझ्या हातून भट्टी दुरुस्त झाली नाही? झालं तरी काय होतं तिला?"

"काहीच झालं नव्हतं," आर्विड बूट काढत म्हणाला. "सरकार सुरू झालं की आपोआप होईल दुरुस्त."